फोल्डर उघडत नाही

सकाळी 8:20. भोसरी एमआयडीसीत आठवडा शुक्रवारी सुरू होतो. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी रात्रीच मेन स्विच खाली ओढलेला. ऑगस्ट 2022, श्रावणातला शेवटचा शुक्रवार, गणपतीला पाच दिवस. शटर वर जातं तसा आधी कूलंटचा वास बाहेर येतो. टूलरूम तीन गाळ्यांचा. पुढे मिलिंग आणि दोन सरफेस ग्राइंडर, मधे फिटरचं टेबल, मागच्या गाळ्यात वायरकट. माणसं सहा. वायरकटवर मामा. वय पंचावन्नच्या पुढे, पगार 18,000, ओव्हरटाइम वेगळा.

सकाळी 8:35. मामा मेन वर करतात. ट्यूबलाइट फडफडून लागतात. वायरकटच्या पोलादी कपाटात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याचं बटण दाबतात. पंखा घरघरतो, पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. मामांचं बोट पडद्याकडे न बघताच कीबोर्डवर जातं. एफ-वन. मग विंडोज एक्सपी सुरू होतं.

हा कॉम्प्युटर मशीनबरोबर 2008 मध्ये आला. मशीन चिनी बनावटीचं. आत एक पीसीआय कार्ड आहे, ते वायरची चाल सांभाळतं, आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीपलीकडे चालत नाही. नवा कंट्रोलर बसवायचा तर दीड लाख सांगितलेत. या शॉपमध्ये वायरकटचा तास 250 रुपयांना जातो. मालकांनी कोटेशनचा कागद टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. रोज दिसतो.

सकाळी 8:50. पुढच्या केबिनमध्ये ताई. मालकांची सून, मेकॅनिकलचा डिप्लोमा, ड्रॉइंगचं सगळं काम तिच्याकडे. तिच्या टेबलावर उबुंटू 20.04. त्याला दोन लॅन कार्ड. एक इंटरनेटकडे जातं, दुसरं फक्त मागच्या गाळ्यात. डीएक्सएफ फाइल तयार झाली की ती ‘वायरकट’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. फोल्डर दिसतो तिच्या पडद्यावर, पण आहे एक्सपीच्या डिस्कवर. मामा तिथून फाइल उचलतात. तिथल्या फायलींच्या तारखा नेहमीच भलत्या असतात, म्हणून ती प्रत्येक नावापुढे स्वतः तारीख लिहिते.

आज फोल्डर रिकामा आहे. बुधवारपर्यंतची सगळी कामं गायब. नवी फाइल टाकली तर ती मागे पोचत नाही.

मामा दारात. “ताई, टाकली का?”

“टाकली हो मामा. पण तुमच्याकडे दिसणार नाही.”

पेनड्राइव्ह चालत नाही. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि मशीन अडीच दिवस बंद राहिलं. तेव्हापासून एक्सपीच्या यूएसबी पोर्टांवर एम-सील थापलेलं आहे. दगडासारखं झालंय.

कामही अडवून ठेवण्यासारखं नाही. चाकणच्या एका व्हेंडरच्या प्रेस टूलची डाय प्लेट, उद्या संध्याकाळी द्यायची. ताई फोन लावते.

सकाळी 9:30. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला दादा येतो. शॉपवर सगळे त्याला दादाच म्हणतात, मामासुद्धा. मोशीहून मोटरसायकलवर, रेनकोटातून पाणी गळतंय. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, क्रिम्पिंग टूल, आरजे-45 कनेक्टरांची पिशवी, केबल टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश, पाच पोर्टचा छोटा स्विच. एका व्हिजिटचे 600. पेट्रोल त्यातच. अशी पंचवीस-तीस गिऱ्हाइकं त्याच्याकडे आहेत. वार्षिक करार फार थोड्यांचा, बाकीचे मशीन अडलं की फोन करतात.

सकाळी 9:40. पहिल्यांदा केबल, कारण ती तपासायला पैसे लागत नाहीत. मागच्या गाळ्यात कनेक्टरवर कूलंटचा चिकट थर, क्लिप तुटलेली. तो टोक कापतो, आठ तारा रंगाने लावतो, नवा कनेक्टर दाबतो. टेस्टरवर आठही दिवे. केबिनमधून एक्सपीला पिंग करतो, उत्तर येतं. 445 नंबरचं पोर्टही उघडं आहे. म्हणजे वाट मोकळी आहे आणि दारही. अडतंय ते आत घेण्यापाशी.

मला त्याची एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो संदेश वाचतो. शब्दन्‌ शब्द, बोट ठेवून. या कामात निम्मी माणसं लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करून पुन्हा प्रयत्न करतात. तो हाताने फोल्डर जोडायची आज्ञा देतो. उत्तर येतं: माउंट एरर 22, इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट. कर्नलची, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याची, नोंदवही उघडतो. तिथे स्पष्ट लिहिलंय: बॅड सिक्युरिटी ऑप्शन, एनटीएलएम.

“ताई, बुधवारी काही अपडेट झालं?”

“जाताना रीस्टार्ट मागत होतं. मी बंद करून गेले.”

कर्नलचा नंबर बघतो. 5.15. बुधवारी दुपारपर्यंत 5.13 होता.

सकाळी 10:05. इथे तो दुरुस्ती करत बसत नाही. मशीन थांबलंय, आधी ते चालू झालं पाहिजे. उबुंटू रीस्टार्ट, सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल 5.13 निवडतो. चालू होतं. फोल्डर उघडतो. बुधवारच्या फायली जागच्या जागी. ताई डाय प्लेटची फाइल टाकते आणि ओरडते, “मामा, बघा आता!”

सकाळी 10:15. मामांचं काम सुरू. प्लेट एचसीएचसीआरची, हार्ड करून आणलेली, 25 मिलिमीटर जाड. ती बेडवर ठेवतात, क्लॅम्प हलके आवळतात, डायल लावून कडेवरून फिरवतात. काटा हलतो, तांब्याच्या हातोडीची टिचकी. पुन्हा डायल. काटा स्थिर झाल्यावर क्लॅम्प पक्के. मग मॉलिब्डेनमची वायर, 0.18 मिलिमीटर, स्टार्ट होलमधून खालून वर ओवतात. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला. वायर पुलीवरून ड्रमवर. कूलंट सोडतात. पांढरट पाणी प्लेटवर पसरतं.

कापायचा परीघ 400 मिलिमीटर. गुणिले 25, म्हणजे 10,000 चौरस मिलिमीटर. मामा मिनिटाला 45 धरतात. पावणेचार तास.

10:40 ला ठिणगी पडते. ड्रम इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता 2:25 पर्यंत त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही.

सकाळी 10:50. दादा केबिनमध्ये परत. चहा येतो. काम तर चालू झालं, मग जुन्या कर्नलवरच का राहू नये? मी विचारतो. तो म्हणतो, त्याला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत. आणखी एक-दोन अपडेट आली की जागा करायला तो आपोआप पुसला जाईल. मग पुन्हा असाच शुक्रवार येईल, आणि तेव्हा परत जायला काहीच नसेल.

तो एफएसटॅब उघडतो. कुठला फोल्डर कुठे जोडायचा, ते या फाइलीत लिहिलेलं असतं. वायरकटची एकच ओळ, पण जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी, थरावर थर. शेवटचा थर ‘व्हर्स=1.0’. तो दादाने स्वतः 2018 मध्ये चढवला. सप्टेंबर 2017 मध्ये 4.13 नंबरचा कर्नल आला आणि फोल्डर जोडताना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली आवृत्ती आपणहून वापरणं बंद झालं. एक्सपीला तेवढी एकच आवृत्ती येते. समोरचं यंत्र जिवंत असूनही ‘होस्ट इज डाउन’ असा संदेश यायचा. म्हणून हट्टाने 1.0 लिहावं लागलं.

तो बदल उगाच नव्हता. मे 2017 मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तो या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच. एक्सपीचा आधार 2014 मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठी खास दुरुस्ती दिली. म्हणूनच इथे मागचा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडलेला आहे. वेगळं लॅन कार्ड, वेगळी केबल. शॉपच्या ऐपतीत बसणारं तेवढंच संरक्षण होतं, आणि ते नीट केलेलं आहे.

त्याखालचा थर ‘सेक=एनटीएलएम’. हा दादाचा नाही, आधीच्या कुणाचा तरी. पासवर्ड कोणत्या पद्धतीने पटवायचा, ते यात सांगितलेलं असतं. जुन्या एनटीएलएममध्ये समोरून आलेला आठ बाइटचा आकडा पासवर्डच्या हॅशने, डीईएस वापरून, तीन तुकड्यांत बंद करून परत पाठवतात. आजच्या यंत्रांपुढे ते कुलूप टिकत नाही. 5.15 मध्ये कर्नलच्या या भागातून ती पद्धत काढूनच टाकली. पर्याय म्हणूनही ठेवली नाही. म्हणून ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’. ज्यांनी काढली त्यांनी योग्यच केलं, असं मला ठाम वाटतं. आणि एक्सपी चालवणारा हा टूलरूमही चुकीचा नाही, हेही तितकंच.

पण मग मूळ प्रश्न. 2013 मध्ये, कर्नल 3.8 पासून, नवी पद्धत आपोआप लागू झाली होती. एक्सपीलाही ती येते. तेव्हाच्या माणसाने मुद्दाम जुनी का लिहिली?

“काहीतरी अडलं असणार त्याचं,” दादा म्हणतो आणि चहा संपवतो.

सकाळी 11:15. कट चालू आहे, म्हणून तो आधी मामांना विचारून येतो. फक्त लॉगिन करून बघतो, कॉपी काही करत नाही. मामा काटा बघतात, मान हलवतात. “फाइल पाठवू नका फक्त.”

उबुंटू पुन्हा 5.15 वर. ओळीतून ‘सेक=एनटीएलएम’ काढतो. जोडायची आज्ञा. एरर 22 गेली. आता 13, परमिशन डिनाइड. नोंदवहीत: लॉगऑन फेल्युअर.

पासवर्ड पुन्हा टाइप करतो. तेच. कॅप्स लॉक बघतो. तेच. बॅगेतला स्विच मधे लावून स्वतःच्या लॅपटॉपवरून प्रयत्न करतो. त्यातही 5.15. तेच. तासाभरापूर्वी जुन्या कर्नलवर हाच पासवर्ड चालला होता. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे आणि एक्सपी त्याला चूक म्हणतंय.

बराच वेळ तो काहीच टाइप करत नाही. बाहेर पाऊस पत्र्यावर. ताई दुसऱ्या जॉबचं ड्रॉइंग काढू शकत नाही, कारण तिच्या खुर्चीवर तो बसलाय. ती बिलबुक घेऊन बसते.

दुपारी 12:00. तो मागे जातो. मशीनजवळ उभा राहून नुसता पडदा बघतो. वायरचा ठिपका नकाशावर सरकतोय. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ. पहाटेचे 3:25.

“मामा, हे घड्याळ असंच असतं?”

“ते कधीच बरोबर नसतं. दर शुक्रवारी पहिल्यापासून.”

“शुक्रवारीच?”

“मेन बंद केलं की. मग सकाळी ते इंग्रजीत येतं, एफ-वन दाबलं की पुढे जातं.”

दादा कोपऱ्यावर माउस फक्त टेकवतो. तारीख उमटते. 1 जानेवारी 2005.

मदरबोर्डवरचा सेल मेलाय, आणि तो आज मेलेला नाही. आठवडाभर कॉम्प्युटर रात्री बंद केला तरी भिंतीतून थोडी वीज चालू असते, तेवढ्यावर घड्याळ तग धरतं. बुधवारी मेन खाली गेला की सगळं पुसतं, आणि शुक्रवारी पुन्हा 2005 चा पहिला दिवस. इतकी वर्षं त्याचं कुणाचंच काही अडलं नाही. जुन्या पद्धतीत वेळ कुठे येतच नव्हती. नव्या एनटीएलएमव्ही-टूमध्ये पासवर्डच्या उत्तरात पाठवणाऱ्याची वेळही गुंफलेली असते, म्हणजे कुणी जुनं उत्तर पकडून ते नंतर वापरू नये. एक्सपीला 2022 चं उत्तर मिळतं. त्याच्या लेखी सतरा वर्षं पुढचं. एक्सपी ते नाकारतं, आणि पासवर्ड चुकला एवढंच सांगतं.

दुपारी 12:15. हा तर्क झाला. दादाला खात्री हवी. कट चालू असताना एक्सपीचं घड्याळ बदलता येत नाही. मग तो उलटं करतो. लॅपटॉपची इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय बंद करतो आणि त्याचं घड्याळ मागे नेतो. 1 जानेवारी 2005, पहाटे 3:40. जोडायची आज्ञा.

फोल्डर उघडतो.

ताई उठून बघायला येते. दादा काही बोलत नाही, फोल्डर बंद करतो, घड्याळ पुन्हा आजचं करतो, आज्ञा देतो. एरर 13. पुन्हा 2005. उघडतो. आता तो हसतो.

ज्याने ‘सेक=एनटीएलएम’ लिहिलं, त्यालाही हीच एरर 13 दिसली असणार, असा त्याचा अंदाज. त्याने जुन्या पद्धतीवर नेऊन ठेवलं, फोल्डर उघडला, तो गेला. त्या दिवसापुरतं ते बरोबरही होतं.

दुपारी 1:00. जेवणाची सुट्टी. मशीन चालूच. मामा डबा मशीनशेजारीच उघडतात, वायर तुटली तर कळायला हवी. भाकरी, मेथी, लसणाची चटणी. दादाला अर्धी भाकरी देतात. तो नको म्हणत नाही.

दुपारी 1:35. दादा पावसात बाहेर. कोपऱ्यावरच्या घड्याळ-मोबाइलच्या दुकानात सीआर-2032 मागतो. 40 रुपये. दोन घेतो.

दुपारी 2:25. मामांचा अंदाज मिनिटाला बरोबर नसतो, पण जवळ असतो. 2:31 ला कट पूर्ण. शेवटच्या दोन मिलिमीटरला ते आतल्या तुकड्याखाली हात आणि चुंबक धरून उभे, नाहीतर तो वाकडा पडून वायर तोडतो. तुकडा सुटतो. मामा प्लेट पुसतात, कडेवरून नख फिरवतात.

दुपारी 2:40. आता कपाट दादाचं. वीज काढतो. मागचे चार स्क्रू, एकाचा माथा झिजलेला, त्याला वेळ लागतो. झाकण उघडल्यावर काळं, तेलकट किटण साचलेलं. धूळ, कूलंटची वाफ आणि ग्राइंडरचा लोखंडी भुगा, सगळं एकजीव. ब्रशने हळूहळू काढतो. ब्लोअर लावत नाही, भुगा कार्डात शिरेल. पीसीआय कार्डला बोटसुद्धा लावत नाही. सेलची जागा त्याच्याच खाली आहे. पातळ स्क्रू ड्रायव्हरने खटका दाबतो, जुना सेल उडी मारून बाहेर. मल्टीमीटर नाही, पण गरजही नाही. नवा बसवतो. अक्षरांची बाजू वर.

दुपारी 3:05. चालू. पुन्हा त्याच दोन ओळी, कारण पुसलेलं पुसलेलंच आहे. या वेळी एफ-वन न दाबता सेटिंगमध्ये जातो, तारीख 26 ऑगस्ट 2022, वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून. सेव्ह. मग बंद करून भिंतीतली पिन काढतो आणि पाच मिनिटं तशीच ठेवतो. सगळे उभे. पुन्हा चालू. ओळी येत नाहीत. मामांचं बोट सवयीने कीबोर्डपर्यंत गेलेलं असतं, ते मागे घेतात.

दुपारी 3:20. केबिनमध्ये 5.15 वर जोडायची आज्ञा. फोल्डर उघडतो. रीस्टार्ट करून पुन्हा बघतो. उघडतो. ताई पंचची फाइल टाकते, तारीख आजची पडते. मागून आवाज, “आली!”

एक्सपीचं घड्याळ पुढे हळूहळू सरकेलच. म्हणून तो उबुंटूवर क्रोनी बसवतो, मागच्या केबलवर वेळ द्यायला सांगतो, आणि एक्सपीच्या घड्याळात इंटरनेटच्या सर्व्हरऐवजी ताईच्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहितो. दहा मिनिटांचं काम. शॉपमधला एक पोरगा कपाटाचे स्क्रू आवळतो, झिजलेल्याच्या जागी नवा.

दुपारी 4:10. मालक येतात. चाकणला गेले होते. आधी प्लेट बघतात, मग कॉम्प्युटर.

“काय झालं होतं?”

“सेल गेला होता, शेठ.”

“मग सकाळपासून?”

दादा सांगतो. कर्नल, पासवर्डची पद्धत, घड्याळ. मालक सगळं ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. बिल: व्हिजिट 600, कनेक्टर 10, सेल 40. दुसरा सेल तो ताईच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, त्याचे आणखी 40. एकूण 690. मालक 700 देतात. दिवस मात्र त्याचा जवळजवळ सगळा गेलाय. दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना त्याने उद्याचं सांगितलंय.

मला हा हिशेब पटत नाही. सेल 40 रुपयांचा, पण तो कोणता आणि का, हे शोधायला जे लागलं, ते बिलात कुठेच नाही. मी तसं म्हणतो. दादा म्हणतो, व्हिजिटचा दर ठरलेला आहे.

दुपारी 4:25. निघताना तो मालकांना कपाटाकडे नेतो. सेल झाला, पण डिस्क 2008 ची आहे. ती गेली तर ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सगळं जाईल, आणि मग दीड लाखांचा कागद काचेखालून काढावाच लागेल. डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवायला हवी. एक वापरलेली डिस्क आणि एक कन्व्हर्टर, सामान 1,200 च्या आत. मशीन बंद असलेला दिवस लागेल.

“गुरुवारी या,” मालक म्हणतात. “मी येऊन शटर उघडतो. आणि त्या दिवसाचे वेगळे सांगा, व्हिजिटमध्ये धरू नका.”

“पंधराशे.”

“या.”

मागे मामा पंचच्या तुकड्याला डायल लावतायत. ओव्हरटाइम आज साडेआठपर्यंत आहे.